पासष्टी आली की मेडिकेअर मिळतंच असं नाही: अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र

प्रति,
अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष, विश्वस्त आणि ज्येष्ठ नागरिक समित्यांचे सदस्य

विषय: मेडिकेअरची पात्रता आणि मंडळांमधून त्याबद्दल दिली जाणारी माहिती

सप्रेम नमस्कार,

मेडिकेअर म्हणजे मुख्यतः पासष्टीपुढच्यांसाठी असलेला अमेरिकी सरकारचा आरोग्यविमा. ज्येष्ठांच्या मेळाव्यांत आणि मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ग्रीनकार्डाला पाच वर्षं झाली आणि वय पासष्ट झालं, की मेडिकेअर सुरू." सोपं आहे, लक्षात राहतं, आणि अर्धवट आहे. या वाक्याच्या भरवशावर मुलं आईवडिलांच्या ग्रीनकार्डासाठीचा आय-१३० अर्ज भरतात, पाच वर्षं मिळेल ती पॉलिसी घेऊन काढतात आणि सहाव्या वर्षी सोशल सिक्युरिटीच्या (निवृत्तिवेतन आणि मेडिकेअरची पात्रता पाहणाऱ्या सरकारी खात्याच्या) कार्यालयात गेल्यावर त्यांना कळतं की रुग्णालयाचा विमा फुकट नाही. २०२६ सालच्या दराने त्याचा हप्ता माणशी दरमहा ५६५ डॉलर आहे. तोवर हाती असलेले बरेचसे मार्ग बंद झालेले असतात.

आम्ही हे पत्र लिहितो आहोत ते या एका कारणासाठी. मेडिकेअरची पात्रता पासष्टीला ठरत नाही. ती कोणाच्या नावावर किती वर्षांची कमाई नोंदली आहे आणि अमेरिकेतलं वास्तव्य कोणत्या तारखेपासून सलग आहे, यावर ठरते. हा हिशेब आईवडील इकडे येण्याआधी मांडायचा असतो, आणि कुटुंबांनी तो वेळेवर मांडावा यासाठी मंडळांइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

आधी भाग स्पष्ट करू. पार्ट ए म्हणजे रुग्णालयात दाखल होण्याचा विमा. पार्ट बी म्हणजे डॉक्टर, तपासण्या, दाखल न होता घेतलेले उपचार. पार्ट डी म्हणजे औषधं. पार्ट बीचा हप्ता जवळजवळ सगळ्यांनाच भरावा लागतो. २०२६ साली तो दरमहा २०२.९० डॉलर आहे आणि उत्पन्न जास्त असेल तर आणखी वाढतो. "मेडिकेअर फुकट" असं लोक म्हणतात तेव्हा ते खरं तर फक्त पार्ट एबद्दल बोलत असतात. तो विनाहप्ता मिळतो तो ४० क्रेडिट असलेल्यांना. क्रेडिट म्हणजे कर भरलेल्या कमाईवर नावावर जमा होणारं एकक.

एका वर्षात जास्तीत जास्त चार क्रेडिट मिळतात, म्हणून ४० क्रेडिटना किमान दहा वर्षं लागतात. २०२६ मध्ये १,८९० डॉलरच्या कमाईला एक क्रेडिट आहे, म्हणजे वर्षभरात ७,५६० डॉलर कमावले की चारही मिळाली. ही रक्कम अर्धवेळ कामातही होते. मात्र कमाईवर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर भरलेला असला पाहिजे. रोखीने केलेली, करविवरणात न दाखवलेली डबे पुरवण्याची किंवा मुलं सांभाळण्याची कामं या हिशेबात शून्य धरली जातात. भारतात पस्तीस वर्षं केलेली नोकरीही शून्यच.

इथे एक गैरसमज मुद्दाम दूर करायला हवा. भारत आणि अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा करार झाला, की तिकडची वर्षं इकडे धरली जातील आणि आईवडिलांना मेडिकेअर मिळेल, अशी आशा अनेकांना असते. असा करार आज नाही. पण ज्या देशांशी तो आहे, त्यांच्या बाबतीतही परदेशातली वर्षं फक्त निवृत्तिवेतन, अपंगत्व आणि वारसांच्या लाभांसाठी धरतात. विनाहप्ता पार्ट एसाठी ती धरली जात नाहीत. म्हणजे उद्या करार झाला तरी या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

मुलाने किंवा मुलीने वीस वर्षं कर भरला असला, तरी त्यांची क्रेडिट आईवडिलांना लागू होत नाहीत. नवराबायकोंची मात्र एकमेकांना होतात, आणि आमच्या मते सगळ्यात उपयोगी पडणारी गोष्ट हीच आहे. दोघांपैकी एकाची ४० क्रेडिट पुरी झाली, त्या व्यक्तीचं वय किमान ६२ असलं आणि लग्नाला वर्ष झालेलं असलं, की दुसऱ्याला ६५ व्या वर्षी पार्ट ए विनाहप्ता मिळतो. घटस्फोटितांसाठी लग्न दहा वर्षं टिकलेलं असावं लागतं आणि सध्या अविवाहित असावं लागतं. म्हणून आईवडील पंचावन्न-साठीत येणार असतील आणि दोघांपैकी एकाची तब्येत व इच्छा काम करण्याजोगी असेल, तर एकाने दहा वर्षं रीतसर अर्धवेळ नोकरी केली तरी दोघांचा प्रश्न सुटतो. ३० ते ३९ क्रेडिटपर्यंत पोचलं तरी पार्ट एचा हप्ता ५६५ वरून ३११ डॉलरवर येतो, तेव्हा आठव्या वर्षी काम सोडलं तर केलेलं फुकट जात नाही.

याच वाटेवर एक खड्डा आहे. आजी नातवंडांना सांभाळते, मुलगा तिला पगार दाखवतो आणि "आईची क्रेडिट होतील" असं सांगतो. मुलाच्या घरी आईने किंवा वडिलांनी केलेल्या घरकामाच्या आणि मुलं सांभाळण्याच्या पगाराला सोशल सिक्युरिटीचा कर सहसा लागूच होत नाही, म्हणून क्रेडिटही होत नाहीत. अपवाद अरुंद आहेत: मुलगा किंवा मुलगी विधुर, विधवा किंवा घटस्फोटित असणं, अथवा जोडीदार आजारपणामुळे मुलाची काळजी घेऊ न शकणं, अशा परिस्थितीतच ते लागू पडतात. मुलाच्या खऱ्याखुऱ्या व्यवसायात, दुकानात किंवा कार्यालयात आईवडिलांनी खरोखर काम केलं आणि त्यावर रीतसर कर कापला गेला, तर ती कमाई धरली जाते. हा फरक कर भरण्याआधी कळायला हवा. सहा वर्षांनी सोशल सिक्युरिटीच्या संकेतस्थळावरची कमाईची नोंद उघडून त्यात शून्यं पाहण्यात काय अर्थ आहे? ती नोंद दरवर्षी तपासावी.

आता ज्यांची क्रेडिट मुळीच नाहीत त्यांच्याबद्दल. वय ६५ असेल, अमेरिकेत वास्तव्य असेल आणि व्यक्ती नागरिक असेल, किंवा ग्रीनकार्डधारक असून अर्जाच्या महिन्याआधीची सलग पाच वर्षं इथे राहिलेली असेल, तर पार्ट बी घेता येतो आणि पार्ट ए हप्ता भरून विकत घेता येतो. पार्ट ए विकत घ्यायचा तर पार्ट बी घ्यावाच लागतो. नुसता पार्ट बी मात्र घेता येतो. दोन्ही घेतले तर २०२६ च्या दराने माणशी ७६७.९० आणि दांपत्याला १,५३५.८० डॉलर दरमहा पडतात, औषधांचा पार्ट डी वेगळा. पैसे वाचवण्यासाठी काही कुटुंबं फक्त पार्ट बी घेतात. त्यांना हे माहीत असायला हवं की मेडिगॅप पॉलिसी (मेडिकेअर न देत असलेला वाटा भरणारा खासगी विमा) आणि मेडिकेअर ॲडव्हांटेज (खासगी कंपनीमार्फत मिळणारी मेडिकेअर) या दोहोंसाठी ए आणि बी दोन्ही लागतात. नुसत्या बीवर असलेल्या माणसाला हृदयविकाराचा झटका आला, तर रुग्णालयात दाखल होण्याच्या बिलापुढे तो विमा नसल्यासारखाच उभा असतो.

नागरिकत्वाची पाच वर्षं आणि मेडिकेअरची पाच वर्षं यांचीही गल्लत होते. मेडिकेअरसाठी नागरिकत्व लागत नाही. नागरिकाला पाच वर्षांची अट लागत नाही. आणि ज्याच्याकडे स्वतःची किंवा जोडीदाराची ४० क्रेडिट आहेत, त्या ग्रीनकार्डधारकालाही ती लागत नाही. ही अट फक्त क्रेडिट नसलेल्या ग्रीनकार्डधारकांसाठी आहे. कायद्याचे शब्द पाहिले तर अर्ज करताना ग्रीनकार्ड हवं आणि त्याआधीची पाच वर्षं सलग वास्तव्य हवं. ती पाचही वर्षं ग्रीनकार्डावरच काढलेली हवीत असं त्यात म्हटलेलं नाही. एखादी व्यक्ती आधी वर्क व्हिसावर किंवा एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर इथेच राहत असेल, तर त्या काळाचे पुरावे जरूर जोडावेत. व्हिजिटर व्हिसावरच्या सहा-सहा महिन्यांच्या फेऱ्या मात्र वास्तव्य म्हणून गृहीत धरू नयेत.

सलग या शब्दावर आपल्या ज्येष्ठांचं सगळ्यात जास्त अडतं. दिवाळीला गेले, थंडी टाळून एप्रिलमध्ये परतायचं ठरलं, मग एखादं लग्न निघालं, जागेचा व्यवहार अडकला, आणि मुक्काम आठ महिन्यांचा झाला. सहा महिन्यांच्या आत परतलं तर सहसा प्रश्न येत नाही. त्याहून जास्त काळ बाहेर राहिलं तर वास्तव्य मोडलं का, हा प्रश्न अधिकारी विचारू शकतात आणि मोडलं नाही हे पुराव्यानिशी दाखवण्याची जबाबदारी अर्जदारावर येते. री-एंट्री परमिट काढलंय म्हणून निर्धास्त राहणं चूक आहे. ते ग्रीनकार्ड टिकवण्यासाठी असतं. मेडिकेअरची वास्तव्याची अट त्याने आपोआप पूर्ण होत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी: अमेरिकेतून निघाल्याची तारीख, परतल्याची तारीख, विमानाचं तिकीट. जुना पासपोर्ट नूतनीकरणानंतरही जपून ठेवावा, कारण शिक्के त्यातच असतात. आईवडिलांच्या स्वतःच्या नावावर बँकखातं, राज्याचं ओळखपत्र आणि पत्त्यावर येणारं टपाल असावं. सगळं मुलाच्या नावावर आणि आईवडील फक्त त्याच्या घरी पाहुणे, अशी कागदोपत्री अवस्था असली की वास्तव्य सिद्ध करणं जड जातं.

मधल्या पाच वर्षांत काय करायचं? परदेशातून इथे राहायला आल्यापासून ६० दिवसांत राज्याच्या किंवा केंद्राच्या आरोग्य मार्केटप्लेसवर, म्हणजे खासगी आरोग्यविमा मिळणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर, विमा घेता येतो. वय ६५ च्या पुढे असलं तरी, विनाहप्ता पार्ट ए मिळत नसेल, तर घेता येतो. तिथे आधीच्या आजारांवरून नाकारत नाहीत. व्हिजिटर पॉलिसी स्वस्त वाटते, पण जुना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असलेल्या माणसासाठी ती पुरी पडत नाही. तिच्यातली 'आधीच्या आजाराचा अचानक उद्भव' ही कलमं वाचली की कशाला पैसे मिळणार नाहीत ते कळतं. मार्केटप्लेसवरच्या हप्त्यासाठी मिळणाऱ्या करसवलतीबद्दल दोन गोष्टी. मुलगा आईवडिलांना आपल्या करविवरणात अवलंबून दाखवत असेल, तर सवलत मुलाच्या उत्पन्नावर ठरते आणि बहुधा मिळत नाही. आईवडील स्वतंत्र विवरण भरतात आणि उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली आहे, असं असेल तर पूर्वी नव्या ग्रीनकार्डधारकांना सवलत मिळत असे. २०२६ पासून ती बंद झाली आहे. जुने फॉरवर्ड अजून ती मिळते असं सांगत फिरत आहेत. मेडिकेड या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी विम्यासाठीही बहुतेक राज्यांत नव्या ग्रीनकार्डधारक ज्येष्ठांना पाच वर्षं थांबावं लागतं.

पाच वर्षं भरत आली की अर्जाची मुदत सांभाळायची. क्रेडिट असोत वा नसोत, पहिल्या नोंदणीला सात महिने असतात: पात्रतेच्या महिन्याआधीचे तीन, तो महिना आणि नंतरचे तीन. पासष्टीनंतर पाच वर्षं पूर्ण होणाऱ्यांसाठी पात्रतेचा महिना म्हणजे वयाची आणि वास्तव्याची अट दोन्ही प्रथम पूर्ण होतात तो. हे सात महिने हुकले, तर दरवर्षी १ जानेवारी ते ३१ मार्च या काळातच नोंदणी होते आणि दंड लागतो. पार्ट बीचा दंड प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांच्या उशिरासाठी १० टक्के आहे आणि तो जन्मभर हप्त्यात जोडला जातो. २६ महिने उशीर झाला तर २० टक्के, म्हणजे आजच्या दराने महिन्याला सुमारे ४० डॉलर जास्त. पार्ट डीचा दंडही कायमचा आहे, दर महिन्याच्या उशिराला मूळ हप्त्याच्या १ टक्का. पात्रताच नव्हती तो काळ मात्र दंडात धरत नाहीत. सत्तरीत आलेल्या आईला पासष्टीपासूनचा दंड सांगितला जात असेल, तर तो निर्णय लेखी मागावा आणि त्यावर अपील करावं.

क्रेडिट नसलेल्यांचा अर्ज ऑनलाइन पूर्ण होईल असं धरून चालू नये. सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयाची वेळ घेऊन जावं. विकतच्या पार्ट एसाठी सीएमएस-१८-एफ-५ हा अर्ज आहे. आधी पार्ट ए घेतलेला असून पुढे पार्ट बी जोडायचा असेल, तर सीएमएस-४०बी. सोबत ग्रीनकार्ड, सगळे पासपोर्ट, प्रवासाच्या तारखांची यादी, पत्त्याचे पुरावे, आणि जोडीदाराच्या क्रेडिटवर मागत असाल तर विवाहाचा दाखला. जुन्या लग्नांची नोंदणीच झालेली नसते आणि ऐन वेळी गावच्या कार्यालयात धावाधाव होते, म्हणून तो इकडे येण्याआधीच काढून ठेवावा. जन्मतारीख पासपोर्टवर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी असेल, तर कोणती खरी हे सिद्ध करण्यात महिने जातात. दुभाषा विनामूल्य मिळतो आणि मराठीचा मागता येतो. सून किंवा नातू भाषांतर करत बसण्यापेक्षा तो मागणं चांगलं, कारण वास्तव्याबद्दलच्या प्रश्नाचं एखादं उत्तर घाईत चुकीचं गेलं की ते फायलीत राहतं.

इथेच वाढलेल्या नोकरदार पिढीचे प्रश्न निराळे आहेत, ते थोडक्यात. सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन किमान चार महिने आधी सुरू झालेलं असेल तरच पासष्टीला कार्ड आपोआप घरी येतं. १९६० मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचं पूर्ण निवृत्तिवय ६७ आहे, त्यामुळे बहुतेकांना स्वतः अर्ज करावा लागतो. स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या चालू नोकरीतला समूह विमा असेल आणि कंपनीत २० किंवा जास्त कर्मचारी असतील, तर पार्ट बी पुढे ढकलता येतो आणि नोकरी किंवा विमा यांपैकी जे आधी संपेल तेव्हापासून आठ महिने मिळतात. वीसपेक्षा कमी कर्मचारी असले तर बिलाचे पैसे आधी देण्याची जबाबदारी मेडिकेअरची ठरते. ती घेतलीच नसेल तर कंपनीचा विमा आपला वाटा तेवढाच देऊन मोकळा होतो. कोब्रा (नोकरी सुटल्यावर स्वतः पैसे भरून चालू ठेवलेला कंपनीचा विमा) आणि निवृत्तांचा विमा 'चालू नोकरी'त मोडत नाहीत. नोकरी सुटल्यावर अठरा महिने कोब्रावर राहून मग पार्ट बी मागणाऱ्यांना दंड बसतो. एचएसए या उपचारखर्चासाठीच्या करमुक्त बचत खात्यात पैसे टाकणाऱ्यांनी अर्जाच्या सहा महिने आधी थांबावं, कारण पासष्टीनंतर केलेल्या अर्जात पार्ट ए सहा महिने मागच्या तारखेपासून लागू होऊ शकतो.

आता त्यांच्याबद्दल, ज्यांच्यावर आमच्या मते सरळ अन्याय झाला आहे. ४ जुलै २०२५ रोजी झालेल्या कायद्याने मेडिकेअर नागरिक, ग्रीनकार्डधारक, क्युबा-हैतीहून आलेले ठरावीक प्रवेशित आणि पॅसिफिकमधल्या करारबद्ध देशांचे रहिवासी यांच्यापुरती मर्यादित केली. त्याआधी कायदेशीर वास्तव्य आणि ४० क्रेडिट एवढं पुरत असे. भारतीयांच्या रोजगारावर आधारित ग्रीनकार्डाच्या रांगेत अनेक वर्षं एच-१बी या वर्क व्हिसावर काढणाऱ्या माणसाच्या प्रत्येक पगारातून १.४५ टक्के मेडिकेअर कर कापला जातो आणि तितकाच मालक भरतो. त्याची ४० क्रेडिट केव्हाच पूर्ण झालेली असतात. तरी तो ग्रीनकार्डाविना पासष्टीला पोचला, तर आज त्याला मेडिकेअर नाही. या गटांबाहेरच्या ज्यांच्याकडे ती आधीपासून होती, त्यांची कायदा झाल्यापासून १८ महिन्यांच्या आत, म्हणजे जानेवारी २०२७ च्या सुरुवातीपर्यंत, संपते. २०२७ पासून मार्केटप्लेसची करसवलतही ग्रीनकार्ड नसलेल्या या मंडळींना राहत नाही. क्रेडिट पुसली जात नाहीत; ग्रीनकार्ड हाती आलं की पाच वर्षं न थांबता अर्ज करता येतो. तोपर्यंत नोकरीचा विमा सोडण्याआधी दहादा विचार करावा. आपल्या मंडळांचे कितीतरी कार्यकर्ते या रांगेत आहेत. या प्रश्नावर आपापल्या मतदारसंघातल्या लोकप्रतिनिधींना मंडळाच्या नावाने लिहावं, अशी आमची विनंती आहे.

अपंगत्वाबद्दल मंडळांत फारच कमी बोललं जातं. घरातली गोष्ट चारचौघांत नको, हा संकोच आम्ही समजतो, पण त्यापायी हक्काची मदत जाते. ६५ वर्षांखालच्या व्यक्तीला मेडिकेअर मिळण्याचा मुख्य मार्ग सोशल सिक्युरिटीचं अपंगत्व-वेतन हा आहे. त्यासाठी एकतिशीच्या पुढच्या व्यक्तीला सहसा गेल्या दहा वर्षांतली २० क्रेडिट आणि वयानुसार एकूण ठरावीक क्रेडिट लागतात. अपंगत्व सुरू झाल्यावर पाच पूर्ण महिने वेतन मिळत नाही. वेतनाचा हक्क सुरू झाल्यापासून २४ महिने गेले की मेडिकेअर. एकंदर २९ महिने. एएलएस या स्नायू निकामी करत जाणाऱ्या मज्जातंतूंच्या आजारात ही २४ महिन्यांची वाट पाहावी लागत नाही. नोकरी सोडून बरीच वर्षं झाली की गेल्या दहा वर्षांतल्या क्रेडिटची अट निसटते. म्हणून स्ट्रोक किंवा कर्करोगानंतर "बरं वाटलं की बघू" म्हणत अर्ज लांबवू नये.

ज्या कुटुंबांत जन्मापासून किंवा लहानपणापासून अपंगत्व असलेलं मूल आहे, त्यांनी पुढचा भाग नीट वाचावा. २२ वर्षं पूर्ण होण्याआधी सुरू झालेलं अपंगत्व असेल, तर त्या मुलाने स्वतः एक दिवसही काम केलेलं नसलं तरी, आई किंवा वडिलांच्या नोंदीवर प्रौढपणी त्याला वेतन मिळू शकतं, आणि त्यानंतर २४ महिन्यांनी मेडिकेअर. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व यांत काम करणं खरोखर शक्य नसेल, तर हा मार्ग आहे. अट अशी की ज्या पालकाच्या नोंदीवर मागायचं, त्याने स्वतःचं निवृत्तिवेतन किंवा अपंगत्व-वेतन घ्यायला सुरुवात केलेली असावी, किंवा तो हयात नसावा. म्हणजे वडिलांनी जास्त रक्कम मिळावी म्हणून निवृत्तिवेतन सत्तरीपर्यंत ढकललं, तर मुलाचे २४ महिनेही सत्तरीनंतरच मोजायला लागतात. पैशाच्या नियोजनावर बोलणारे सत्तरीपर्यंत थांबण्याचा सल्ला सरसकट देतात. अपंग अपत्य असलेल्या घरात तो सरसकट देऊ नये. आईची क्रेडिट पुरेशी असतील आणि ती ६२ व्या वर्षी आपलं वेतन सुरू करू शकत असेल, तर आईच्या नोंदीवर मुलाची सुरुवात करून वडिलांनी थांबायचं, हाही एक मार्ग असतो. मूल भारतात जन्मलं असेल तर तिथल्या रुग्णालयाचे, विशेष शाळेचे, अपंगत्व प्रमाणपत्राचे जुने कागद जपावेत, कारण बाविशीआधीचं अपंगत्व दाखवणारे पुरावे तेच असतात. आणि लग्नाने हे वेतन बहुतेक वेळा थांबतं, हे लग्न ठरवण्याआधी माहीत असावं. एसएसआय, म्हणजे अल्प उत्पन्नाच्या वृद्ध व अपंगांना मिळणारी सरकारी मदत, ही निराळी योजना आहे. तिच्यामुळे मेडिकेअर मिळत नाही.

मूत्रपिंड निकामी झालेल्यांना कोणत्याही वयात मेडिकेअर मिळते, पण इथेही स्वतःची, जोडीदाराची किंवा, रुग्ण अवलंबून असलेलं मूल असेल तर, पालकांची क्रेडिट लागतात. डायलिसिस सुरू झाल्यावर साधारण चौथ्या महिन्यापासून संरक्षण सुरू होतं. घरी डायलिसिसचं प्रशिक्षण घेतलं तर पहिल्या महिन्यापासून होऊ शकतं. नोकरीचा समूह विमा असेल तर पहिले ३० महिने तो आधी पैसे देतो. प्रत्यारोपणानंतर ३६ महिन्यांनी हे संरक्षण संपतं. नव्याने आलेल्या, क्रेडिट नसलेल्या आईवडिलांना या मार्गाने मेडिकेअर मिळत नाही. डायलिसिसवर असलेल्या वडिलांना इकडे आणण्याचा विचार करणाऱ्या मुलांना हे तिकीट काढण्याआधी कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

भारतात घेतलेल्या उपचारांचे पैसे मेडिकेअर सहसा देत नाही. मेडिगॅपच्या काही योजना, उदाहरणार्थ जी आणि एन, प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांतल्या तातडीच्या उपचारांना २५० डॉलर वजा करून ८० टक्के देतात, आयुष्यभरात ५०,००० डॉलरपर्यंत. त्यापलीकडच्या मुक्कामासाठी भारतातला विमा वेगळा हवा.

मंडळांकडून आमच्या अपेक्षा अशा. मेडिकेअरचं सत्र पासष्टीच्या लोकांसाठी ठेवण्याबरोबरच पंचेचाळीस ते साठ वयोगटासाठी आणि आईवडिलांचा अर्ज भरू पाहणाऱ्या मुलांसाठी ठेवावं, कारण क्रेडिट आणि वास्तव्याचे निर्णय तेव्हा होतात. वक्ता विमा एजंट असेल तर कोणत्या कंपन्यांकडून त्याला कमिशन मिळतं हे त्याने सुरुवातीलाच सांगावं. एजंट पॉलिसीबद्दल चांगलं सांगू शकतो, पात्रतेचा निर्णय मात्र सोशल सिक्युरिटी करते. प्रत्येक राज्यात शिप या नावाने चालणारी, केंद्राच्या पैशावरची मोफत समुपदेशन सेवा आहे; कॅलिफोर्नियात तिला हायकॅप म्हणतात, मॅसॅच्युसेट्स आणि फ्लोरिडात शाइन. ती स्वयंसेवकांना प्रशिक्षण देते. प्रत्येक मंडळाने दोन मराठी स्वयंसेवक तिथे पाठवावेत. आणि मंडळाच्या संकेतस्थळावर मेडिकेअरचं जे पान असेल, त्यावर ते कोणत्या वर्षाच्या आकड्यांवर लिहिलं आहे हे सर्वांत वर ठळकपणे टाकावं. हप्त्यांचे नवे आकडे दर शरद ऋतूत जाहीर होतात. डिसेंबरात पान बदलता येत नसेल, तर ते काढून टाकावं.

या पत्रातले हप्ते आणि क्रेडिटची रक्कम २०२६ ची आहे. पत्र पुढे पाठवताना ही ओळ कापू नये.

आपले,
मेडिकेअरच्या अर्जांत मदत करणारे काही मराठी स्वयंसेवक